वारा अडवायची फळी

आमच्या बंदराकाठच्या वस्तीत कोणी आजारी पडलं की पहिला संशय वाऱ्यावर जातो. पोट फुगलं, वारा शिरला. डोकं ठणकलं, वारा शिरला. कोणी छातीवर पंखा घेऊन झोपला आणि पुढे कधीतरी खोकायला लागला, की बायका माना हलवून सांगतात, फुफ्फुस ओलं झालं बिचाऱ्याचं, पंखा भोवला. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वाऱ्याला तोंड नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. कास्तिनाच्या घरात जे झालं तेही वस्तीने अजून त्याच्याच नावावर ठेवलंय. ते तिथून काढावं म्हणून मी हे सांगते आहे.

कास्तिना माझी शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच. ती वयाने मोठी, म्हणून मी तिला म्बाक म्हणते, म्हणजे ताई. ती मला रुक म्हणते आणि चिडली की पूर्ण रुक्मियाती. सेमारांग शहराच्या उत्तरेला मासळीला धुरी देणाऱ्यांच्या चिमण्या ओळीने उभ्या आहेत, त्यातली एक तिची. पाकट माशाचे तुकडे बांबूच्या काडीवर टोचायचे, करवंट्यांच्या धगीवर मांडायचे आणि तांबूस होईपर्यंत डोळे चोळत उलटत राहायचं, हा तिचा जन्माचा धंदा. शिंगाळा माशाची मुंडकी वेगळी ठेवायची. ती तिखट रश्श्यात पडली की बंदरावरचे हमाल ताटल्यासुद्धा चाटून ठेवतात. नवरा गेल्यावर तिने हे सगळं एकटीने ओढलं आणि मुलगी वेनिंगला मोठं केलं. एका व्यापाऱ्याने एकदा तिच्या मालाला कुजका म्हटलं, तेव्हा तिने पाकटाची शेपटी त्याच्या गालावर ओढली होती. तो अजूनही तिच्याकडूनच माल घेतो.

आमच्याकडे जमीन खचते आणि भरतीचं पाणी चढतं. दर काही वर्षांनी भराव टाकून घरातली जमीन उचलावी लागते, छप्पर मात्र होतं तिथेच राहतं. उंच माणसाला आमच्या घरांत मान वाकवूनच बसावं लागतं. कास्तिनाच्या मागच्या खोलीची जमीन इतक्या वेळा उचलली, की खिडकी खाली येत येत गुडघ्याशी आली. आपल्याला वाकल्याशिवाय बाहेरचं दिसायचं नाही, गल्लीतल्या कोंबड्यांना मात्र आतलं सगळं दिसायचं. ती म्हणायची, माझ्या घरात कोंबड्यांसाठी वेगळी खिडकी आहे, तुमच्याकडे आहे का?

पहाटे माल मोटरसायकलला बांधून ती बाजारात जायची. तेव्हा अंगात जाड जाकीट आणि जाकिटाच्या आत छातीवर फोमची ढाल. इथले पुष्कळ दुचाकीवाले ती बांधतात, वाऱ्याने फुफ्फुस ओलं होऊ नये म्हणून. दिवसभर धुराच्या तोंडाशी बसणारी बाई पहाटेच्या चांगल्या हवेला भ्यायची. मी हसले की म्हणायची, तुला काय कळतं, तू टोफू विकतेस.

पहिलं दुखणं आलं ते डाव्या कुशीत. श्वास घेतला की आत काहीतरी टोचायचं. संध्याकाळी ताप चढायचा, सकाळी उतरायचा. मग टोचणं कमी झालं आणि धाप लागायला लागली, चार पावलांवरच्या नळावरून बादली आणायची म्हटली तरी. म्बाह सार्पिन आली. म्बाह म्हणजे आजी; ही आमच्या वस्तीची म्हातारी. नाण्याला तेल लावून पाठ खरवडते आणि आतला वारा बाहेर काढते. कास्तिनाची पाठ तिने मानेपासून कमरेपर्यंत खरवडली. लाल पट्टे उठले तसे ती सगळ्यांना दाखवत म्हणाली, बघा किती वारा आत होता. अहो, कोणाचीही पाठ नाण्याने खरवडली तर लालच होणार, हिरवी थोडीच होणार आहे? पण हे बोलायची सोय नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आठवडाभर चाललं.

मग ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथे थुंकी मागितली. तिला खोकला जवळपास नव्हताच, थुंकी येणार कुठून? दिली आपली तोंडातली लाळ. तिच्यात जंतू सापडला नाही. तिथला माणूस हसतमुख होता. आमच्याकडे मोठ्या बाईला बू म्हणतात; तो म्हणाला, घाबरू नका बू, टीबी नाही, फुफ्फुस ओलं झालंय; थंड पाणी, पंखा आणि पहाटेचा वारा टाळा. त्या माणसाचं तोंड मला आजही आठवतं आणि आजही राग येतो. त्याला काही ठाऊक नव्हतं की ठाऊक असून तो गोड बोलत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडे ओलं फुफ्फुस हा सभ्य माणसांचा आजार आहे, तो कोणालाही होतो आणि कोणापासून कोणाला लागत नाही. टीबी म्हटलं की सोयरीक मोडते, ताटली वेगळी होते, गिऱ्हाईक दुसऱ्या चिमणीकडे वळतं. म्हणून डॉक्टरही ते नाव तोंडात धरून ठेवतात आणि त्याच्या जागी हे दुसरं देतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाप वाढली तेव्हा मीच तिला रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे फुफ्फुसाच्या विभागात डॉक्टर निंग्रुम होती. हडकुळी, भरभर बोलणारी, तरुण बाई. छातीच्या फोटोत डावी बाजू निम्म्यापर्यंत पांढरी दिसत होती. निंग्रुमने पाठीतून सुई घालून पाणी काढलं. बाटली भरली, कोऱ्या चहाच्या रंगाची. कास्तिनाने मान वळवून बाटलीकडे बघितलं आणि म्हणाली, हा वारा नाही, हा तर चहा आहे. निंग्रुमला हसू आलं. मला वाटलं, सुटलो, आता ही ऐकणार.

पुन्हा गेलो तेव्हा निंग्रुमने टीबी असल्याचं स्पष्ट सांगितलं. कास्तिनाने लगेच बोटं मोजली. थुंकीत जंतू नाही. हातावर सुई टोचून बघितली, तिथे गाठ उठली नाही. त्या चहासारख्या पाण्यातही जंतू दिसला नाही, हे तूच सांगतेस. तीन ठिकाणी नाही, नाही, नाही, आणि तू म्हणतेस आहे.

निंग्रुमने खुर्ची पुढे ओढली. "बू कास्तिना, बंधारा फुटला होता तेव्हा तुमच्या वस्तीतले पुरुष कुठे होते?"

"बंधाऱ्यावर. वाळूची पोती टाकत होते. आणखी कुठे असणार?"

"आणि त्या वेळी कोणी चहाच्या टपरीवर माणसं मोजायला आलं असतं तर?"

"म्हणाला असता, या वस्तीत पुरुष नाहीतच." कास्तिनाने वर जोडलं, "तसेही फारसे नाहीत."

मग निंग्रुमने तिला उलगडून सांगितलं. फुफ्फुसाभोवती एक पातळ अस्तर असतं. त्या अस्तरात थोडेसे जंतू शिरले. अंगात लढणाऱ्या पेशी असतात, टी पेशी म्हणतात त्यांना. त्यातल्या ज्यांना हा जंतू ओळखता येतो त्या रक्त सोडून तिकडे धावल्या, त्या अस्तराशी जमल्या. म्हणून हातावरच्या सुईला काही सापडलं नाही. टपरी रिकामी होती. जंतू मूठभर, म्हणून पाण्यातही दिसले नाहीत. पण पाण्यात लढणाऱ्या पेशींची गर्दी होती, आणि छातीत भरलं होतं ते पाणी वाऱ्याचं नव्हतं, त्या झटापटीतून झिरपलेलं होतं. ती म्हणाली, "बंधाऱ्यावर एवढी माणसं उगाच जमत नाहीत, बू. पाणी शिरल्याशिवाय जमत नाहीत."

सहा महिने गोळ्या घ्यायच्या होत्या, फुकट मिळणाऱ्या. कास्तिनाने एकच विचारलं, पाकिटावर टीबी लिहिलेलं असतं का? निंग्रुम हो म्हणाली. कास्तिना उठली, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि चालू लागली.

बाहेर मी तिला वाटेल ते बोलले. ती शांतपणे ऐकत होती, आणि ती शांत असली की मला जास्त भीती वाटते. शेवटी म्हणाली, "रुक, हे नाव माझ्या चिमणीला चिकटलं तर माझं पाकट कुत्रंसुद्धा खाणार नाही. वेनिंगची सोयरीक चालली आहे. तू येशील का तिच्यासाठी नवरा घेऊन?" यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला आणखी चीड आली, कारण खोट्याला उत्तर देता येतं.

पुढे जे झालं ते तर त्याहून वाईट झालं. ती बरी झाली. गोळी एकही घेतली नाही आणि दोनेक महिन्यांत पाणी आपोआप आटलं, ताप गेला, धाप गेली. परत पाट्या उचलायला लागली. तिने मोठं जेवण घातलं, पिवळ्या भाताचा शंकू, अंडी, नारळातली कोंबडी, मौलवी बोलावून दुवा. म्बाह सार्पिन सगळ्यांत पुढे बसली होती आणि कोंबडीची तंगडीही तिलाच मिळाली. कास्तिनाने माझ्याच हाती निंग्रुमला धुरीचं पाकट पाठवलं आणि निरोप दिला, वारा गेला म्हणावं.

निंग्रुम रविवारी स्वतःच आली. गल्लीत भरतीचं पाणी होतं, एका हातात चपला आणि दुसऱ्यात गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. आत वाकून बसली, भात खाल्ला, पाकट खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली. मग बोलायला लागली. पाणी आटलं ते तुमच्याच अंगातल्या माणसांनी लढून आटवलं, ते सार्पिनच्या नाण्याने नाही आणि जाकिटानेही नाही. पण जंतू मेले नाहीत, नुसते डांबून ठेवलेत. औषध न घेतलेल्या पुष्कळ जणांत ते काही वर्षांनी सुटतात आणि या वेळी अस्तरात नाही, फुफ्फुसात येतात. मग खोकला होतो आणि खोकल्यातून दुसऱ्याला जातो. "आज तुमच्यापासून कोणाला फारसा धोका नाही. तेव्हा असेल. वाळूची पोती कुजतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

कास्तिना म्हणाली, "कुजली की नवी टाकू."

"तोवर पाणी घरात आलेलं असेल."

"आमच्याकडे घरातच असतं पाणी, डॉक्टर. बघ खाली." खरंच तिच्या पायांशी पाणी होतं. सगळे हसले. मी हसले नाही. निघताना तिने निंग्रुमला शिंगाळ्याचं मोठं मुंडकं केळीच्या पानात बांधून दिलं, गोळ्यांचं पाकीट तेवढं परत केलं. पालथ्या घड्यावर पाणी. निंग्रुम गल्लीच्या तोंडाशी मला म्हणाली, बारीक खोकला जरी ऐकलात तरी मला कळवा. तिच्या डोळ्यांत राग होता आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, की मी एकटी नाही.

वेनिंगचं लग्न झालं. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने बाहेर. काही वर्षांनी मुलगी झाली, लिंतांग. कास्तिनाचा जीव तिच्यात अडकला. बाजारात जशी आरोळी ठोकायची तशीच ती वेनिंगच्या गळ्यातल्या झोळीपुढे उभी राहून ठोकायची, पाकट घ्या, पाकट, गरम पाकट. ते एवढंसं पोर दुधावरून तोंड काढून आवाजाकडे मान वळवायचं आणि हसायचं. वेनिंग रागवायची, आई, तिला दूध पिऊ दे. कास्तिना म्हणायची, माझं पहिलं गिऱ्हाईक आहे, तू मध्ये बोलू नकोस. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हळूच म्हटलं, तरी लिंतांग वळायची.

आणि मग खोकला सुरू झाला. मी भिंतीपलीकडून ऐकला. आमची भिंत एक वीट जाडीची, तिचा खोकला दोन्ही घरांचा. आधी वाटलं धुराने असेल. पण धुराचा खोकला कामावर येतो, हा घरी आल्यावर, आडवं झाल्यावर यायचा. ती वाळत चालली. जाकीट तिच्या अंगावर टांगल्यासारखं दिसायला लागलं.

तिने स्वतःच निदान केलं, ओलं फुफ्फुस उलटलं. मागच्या वेळी वारा टाळून बरी झाले, आता तर कडेकोट टाळते. तिने मागच्या खोलीच्या त्या गुडघ्याएवढ्या खिडकीवर जहाजाच्या खोक्याची फळी ठोकली. फटींत चिंध्या कोंबल्या. दाराला गोधडी लावली. छातीवरची ढाल आता घरातही बांधायला लागली. आणि त्या खोलीत, जिथे हवेचा कणसुद्धा हलायचा नाही, तिथे लिंतांगला जवळ घेऊन झोपायची. का, तर घरातली एवढी एकच खोली बिनवाऱ्याची, आणि धुरीच्या शेडमध्ये वेनिंगबरोबर राहिली तर पोरीच्या डोळ्यांत धूर जाईल. प्रेमानेच केलं हो तिने. त्या प्रेमाचाही मला राग आहे.

मी गेले आणि फळीचा एक खिळा उपसला. तिने माझ्या हातातून पक्कड घेतली.

मी म्हटलं, "म्बाक, हा वारा नाही. निंग्रुमने सांगितलं होतं तेच आहे. पोरीला आधी या खोलीतून बाहेर काढ."

"रुक्मियाती, तुझ्या घरात हवा तेवढा वारा घे. माझ्या नातीला मारायला येऊ नकोस."

खिळा तिने माझ्या देखत परत ठोकला, दोन जास्तीचे मारले. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. मी वेनिंगला शेडमध्ये गाठलं. ती बिचारी काड्या उलटत म्हणाली, मावशी, ओलं फुफ्फुस कोणापासून कोणाला लागत नाही, दवाखान्यातल्या माणसानेच सांगितलेलं ना? बघा. त्या हसतमुख माणसाने जे गोड नाव दिलं होतं, ते असं इतक्या वर्षांनी एका तान्ह्या पोरीच्या उशाशी येऊन बसलं होतं.

मी इस्पितळात जाऊन निंग्रुमला सांगितलं. ती हातातलं काम टाकून उठली. म्हणाली, दोघींना आजच आणा, आजीला औषध सुरू करू आणि बाळाला आजार होऊच नये म्हणूनही औषध असतं, ते देऊ. मी जवळजवळ धावत घरी आले. कास्तिनाच्या दारातच तेलाचा आणि कांद्याचा वास आला. तान्ह्या पोरांना सार्पिन नाण्याऐवजी लाल कांदा तेलात बुडवून चोळते. लिंतांग दोन-तीन दिवसांपासून उलट्या करत होती, पेंगत होती, दूध घेत नव्हती. सार्पिन तिला पालथं घालून पाठीला कांदा चोळत होती आणि सांगत होती, वारा डोक्यात गेलाय, उतरेल. मी पोरीला उचललं. तिची मान पुढे वाकत नव्हती. माझ्या हातातच तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले.

पुढे वाद घालायला कोणी उरलं नाही. वेनिंग शेडमधून तशीच आली, हातांना माशाचा वास. आम्ही तिघी एका मोटरसायकलवर बसलो, पोर मध्ये. कास्तिना पुढे बसून चालवत होती, अंगात जाकीट नाही, ढाल नाही. सगळ्या वाटेवर वारा तिच्या उघड्या छातीवर येत होता आणि ती खोकत होती.

लिंतांगच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. जंतू मेंदूच्या अस्तरापर्यंत पोहोचला होता. त्याच दिवशी कास्तिनाची थुंकी तपासली. या वेळी खरी थुंकी होती आणि जंतूंनी भरलेली होती. इस्पितळाच्या मागच्या बाजूला उघडा व्हरांडा आहे, तिथे निंग्रुमने तिला तोंडावर पट्टी बांधून बसवलं. मी बाजूला होते. मला वाटत होतं निंग्रुमने आता तरी ओरडावं, माझ्या वाटचंही ओरडावं. ती ओरडली नाही.

कास्तिनानेच विचारलं, "वारा नव्हता ना?"

"नाही."

"माझ्याकडून गेलं?"

"हो."

"तेव्हा गोळ्या घेतल्या असत्या तर?"

निंग्रुमने तिची सुटत आलेली पट्टी नीट बांधली. मग म्हणाली, "तर बहुतेक हे झालं नसतं."

कास्तिनाने मान हलवली, भाव पटल्यावर हलवते तशी. रडली नाही. मीच रडले, आणि मला रडू रागाचं येत होतं. तिचा राग होता, सार्पिनच्या कांद्याचा होता, त्या गोड माणसाचा होता. आणि आमच्या अख्ख्या वस्तीचा होता, जिथे आजारापेक्षा आजाराच्या नावाला माणसं जास्त भितात आणि त्या भीतीपायी चांगली शहाणी बाई खिडकीला फळ्या ठोकते.

लिंतांग जगली. कित्येक आठवडे ती त्या खाटेवर होती, मग डोळे उघडून आईला ओळखायला लागली, दूध घ्यायला लागली. तोवर कास्तिनाची थुंकी गोळ्यांनी साफ झाली आणि तिला पोरीजवळ जाऊ दिलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, पट्टी खाली ओढली आणि बाजारातल्यासारखं म्हणाली, पाकट घ्या, पाकट, गरम पाकट. लिंतांग छताकडे बघत होती. कास्तिना दुसऱ्या बाजूला गेली आणि मोठ्याने म्हणाली. वॉर्डातल्या सगळ्या बायांनी माना वळवल्या. लिंतांगने नाही वळवली. आजार तिचे कान घेऊन गेला होता. कास्तिना आरोळी ठोकत राहिली, शेवटी वेनिंगने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

घरी आल्यावर माझ्याशी बोलायच्या आधी तिने माझी पक्कड मागून नेली. फळी काढली, चिंध्या काढल्या, दाराची गोधडी काढली. मग खिडकीची चौकटच गवंड्याकडून वर उचलून घ्यायची म्हणाली. पण ते झालं नाही, भिंत खचली असती. खिडकी गुडघ्याशीच राहिली, पण उघडी राहिली. फोमची ढाल तिने करवंट्यांबरोबर जाळली. तिचा घाणेरडा वास दोन दिवस गल्लीत होता, आणि मला तो आवडला.

गोळ्या ती दारात बसून घ्यायची, सगळ्यांना दिसेल अशी. बाजारात कोणी विचारलं, काय बू, ओलं फुफ्फुस म्हणे, तर ती म्हणायची, "टीबी. औषध चालू आहे, आता लागत नाही कोणाला. माल घ्यायचा तर घ्या." पुष्कळांनी घेतला नाही. तिचं म्हणणं खरं ठरलं, गिऱ्हाईक शेजारच्या चिमण्यांकडे गेलं. त्या शेपटीवाल्या व्यापाऱ्याने तेवढा आपला नेहमीचा माल उचलला. तो म्हणाला, मी बोलत नाही काही, तू ती शेपटी आधी खाली ठेव. तेव्हा ती किती तरी दिवसांनी हसली.

पण वस्तीचा सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. आता वस्तीत काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, कास्तिनाने खिडकी उघडी टाकली म्हणून पोरीच्या कानात वारा शिरला आणि ती बहिरी झाली. आजार आधी आणि खिडकी नंतर, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं असताना म्हणतात. मी दोघा-तिघींशी भांडले. तोंड दुखलं, फायदा नाही.

परवा दुपारी मी तिच्याकडे टोफू घेऊन गेले होते. ती मागच्या खोलीत खिडकीशी जमिनीवर बसली होती आणि लिंतांग तिच्या मांडीवर, दुधाची बाटली तोंडात. खाडीवरून चांगला वारा येत होता. बाहेरून म्बाह सार्पिन चालली होती. ती खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "कास्तिना, लाव गं ती खिडकी. आधीच पोरीच्या कानात वारा गेलाय."

कास्तिनाने खालूनच उत्तर दिलं, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल, कारण आरोळीचा आवाज तिने त्यासाठी वापरला. "तिच्या कानात वारा नाही गेला, म्बाह. माझा खोकला गेला. टीबीचा. जा, सांग सगळ्यांना."

सार्पिन निघून गेली. पलीकडच्या घरात कोणी तरी दार लावून घेतलं. कास्तिना एवढ्या मोठ्याने ओरडली होती, पण तिच्या मांडीवरच्या पोरीला त्यातलं काही पोहोचलं नव्हतं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि लिंतांगचे केस उडाले. तिने दुधावरून तोंड काढलं आणि तिकडे मान वळवली, आजीच्या आरोळीला वळवायची तशी.